सात वर्षांची वाईन



परवा दुबईत मित्राकडे 'शातो म्युझार'ची जुनी बाटली उघडली (शारजावाल्यांनी फक्त वाचावे :-)). आधी जरा आंबूस लागली, अर्ध्या तासाने सुक्या अंजिरासारखी.

ही लेबनॉनच्या होशार कुटुंबाची वाईन, १९३० पासूनची. द्राक्षे बेका खोऱ्यात, वायनरी डोंगरापलीकडे गझीरला. यादवी युद्धात (१९७५-९०) मधला रस्ताच धोक्याचा. १९७६ ची वाईन झालीच नाही. तरी तांबडी वाईन सुमारे सात वर्षे मुरल्याशिवाय विकायची नाही, हा सर्ज होशार यांचा हट्ट. म्हणजे तेवढी वर्षे पैसा तळघरात अडकलेला. बँक इतकी थांबत नाही हो, घरचेच थांबतात.

मला आपले नारायणगाव आठवले. शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने तिथे 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाईन काढली आणि चक्क परदेशात विकली! तोही घरचाच धंदा. पुढे त्यांच्या 'इंडेज'ने परदेशात कंपन्या घेतल्या, कर्ज वाढले, आणि २००८ च्या मंदीनंतर सगळे कोसळले.

कोणाच्या घरी 'ओमर खय्याम'ची जुनी बाटली उरली असेल तर कळवा. फेस गेला असला तरी चालेल.