झाडीपट्टीची रंगभूमी आणि अभिरुचीच्या ऱ्हासाचा प्रश्न

१९८२ साली विभागलेल्या जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा, धान पिकविणारा पट्टा शेजारच्या भंडारा-गोंदियासह ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपू लागली की येथे मंडई भरते, शंकरपट होतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. या रंगभूमीविषयी सुशिक्षित वर्गात एक तक्रार वारंवार ऐकू येते : पूर्वीचे कसदार नाटक गेले, द्व्यर्थी विनोद आणि मध्येच घुसडलेली नृत्ये तेवढी उरली, आणि याला कारण बिघडलेला प्रेक्षक. हा दोषारोप कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम ‘पूर्वीचे’ म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. या प्रदेशातील नाटकाच्या मागे दंडार व खडी गंमत यांची परंपरा उभी आहे. या प्रकारांत देवादिकांचे स्तवन होते, तशीच उघडीवाघडी थट्टाही होती. तेव्हा केवळ ग्राम्य विनोदाच्या आढळावरून ऱ्हासाचे निदान करता येत नाही. गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती मुख्यतः विनोदी भूमिकांनी गाजलेल्या कारकिर्दीबद्दल, हेही येथे लक्षात ठेवावे. विनोद कथानकातून उगवतो की गर्दी थोपवून धरण्यासाठी बाहेरून चिकटविला जातो, हा खरा भेद होय.

हा भेद निर्बंधांनी साधत नाही. मुंबई सरकारने १९४७ च्या सुमारास अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर बंदी घातली व पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठविली. चांदा जिल्हा त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्यामुळे हा वाद येथे प्रत्यक्ष पोहोचला नाही. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे संहितेचे पूर्वपरीक्षण सर्वत्र रूढ झाले. परंतु ज्याविषयी तक्रार आहे ते बहुधा संहितेत नसतेच. ते प्रयोगाच्या रात्री, समोरची गर्दी पाहून, भर घातल्याप्रमाणे येते.

ते का येते, याचे उत्तर प्रयोगाच्या अर्थव्यवहारात शोधावे लागते. पूर्वी गावातील हौशी तरुणच नाटक बसवीत. स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. प्रेक्षक हा नटाचा भाऊबंद किंवा शेजारी असे आणि प्रयोग फसला तर हानी मुख्यतः प्रतिष्ठेची होई. पुढे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे व्यावसायिक मंडळ्यांचे केंद्र बनले. गावातील आयोजक मंडळ रक्कम ठरवून नाटक ‘घेते’ आणि तिकिटे विकून ती रक्कम वसूल करते. एका रात्रीत सगळा हिशेब जुळावा लागतो. त्याच रात्री शेजारच्या गावात दुसरा प्रयोग असेल, तर आयोजक निर्मात्याकडे आकर्षण मागतो आणि निर्माता ते पुरवितो. दोघेही प्रेक्षकांच्या आवडीचा हवाला देतात. मात्र प्रेक्षकाला निवड करावयास मिळते ती त्या दोघांनी आधीच ठरविलेल्या मालातून.

बाह्य आघातांनीही ही ओढ वाढली असावी. पटाला जमलेली माणसे रात्री नाटकास थांबत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाशी जोडलेल्या गावांत ही हमखास गर्दी अनिश्चित झाली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त अनुमती मिळाली. दरम्यान २०२० च्या महासाथीने प्रयोगच थांबविले होते. तोटा सोसलेला आयोजक धाडस करीत नाही, हे समजण्यासारखे आहे.

प्रेक्षक सर्वस्वी निर्दोष आहे, असे यावरून म्हणावयाचे नाही. तथापि थंडीच्या रात्री लेकुराबाळांसह पहाटेपर्यंत बसणारी बाई हुंडा, भाऊबंदकी, व्यसन यांवरील कथानकाचा शेवट पाहावयास थांबलेली असते. नृत्य संपले म्हणून ती उठून जात नाही. तिच्या या चिकाटीची दखल ऱ्हासाच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते.

उरतो तो सुशिक्षित वर्ग, आणि त्याचे उत्तरदायित्व सर्वांत कमी चर्चिले गेले आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली व दंडार यांच्या अभ्यासाचा पाया घातला. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठही आहे. परंतु ज्या रंगभूमीची समीक्षा प्रयोगागणिक होत नाही, तिच्यात चांगल्या नाटककाराला वाईटापासून वेगळे करणारे माप तिकीटविक्रीखेरीज दुसरे राहत नाही. ऱ्हास झाला की नाही, हे ठरविण्यासाठीसुद्धा जुन्या संहिता, हस्तपत्रके व आयोजक मंडळांचे जमाखर्च हाती असावे लागतात. वयोवृद्ध नट व लेखक हयात आहेत तोवर ही सामग्री गोळा करणे, हे या प्रदेशातील मराठी व इतिहास या दोन्ही विभागांचे निकडीचे कार्य आहे.