मशेरीची डबी आणि टायटॅनियमचा दात

तव्यावर तंबाखूची पानं पडली की घरभर ठसका उठतो. काळीठिक्कर होईपर्यंत ती भाजायची, चुरायची, पूड डबीत भरायची. हीच मशेरी. सकाळी तर्जनीवर चिमूटभर घेऊन उंबऱ्यावर बसायचं आणि दातांवर फिरवत राहायचं. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर कित्येक बायकांचा दिवस असाच उजाडत आला. याला व्यसन कुणी म्हणत नाही. दात घासणं म्हणतात!

तंबाखू मुळात इथली नाहीच. पोर्तुगिजांनी ती आणली आणि दख्खनेनं ती चटकन आपलीशी केली. अकबराचा दूत असद बेग १६०४च्या सुमारास विजापुरात आला, तेव्हा तंबाखू त्याला नवलाची वाटली. त्यानं ती बादशहापुढं नेली, तर दरबारचे हकीमच आडवे आले. पण उमरावांना चटक लागली ती लागलीच. मालोजी भोसल्यांच्या जहागिरीतलं इंदापूर पुढं त्याच विजापूरच्या अमलाखाली गेलं.

नंतर नीरा डावा कालवा आला, ऊस आला, कारखाने आले. पहाटे फडात उतरणाऱ्याला भूक मारायला डबीचा आधार वाटणं नवल नव्हे.

सरकारनं १९९२ साली दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. २०१२मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाला, २०१९मध्ये देशभर ई-सिगारेट. पण घरच्या तव्यापर्यंत कुठला कायदा पोचणार? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के.

या आकड्यांशेजारी इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या दाताच्या खुंटाची, गोष्ट ठेवून पाहावी. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या पायात उमगलं. १९६५मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे खुंट बसवले. २००६मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते जागेवर होते. १९९३मध्ये बेन आणि मॉय या संशोधकांनी २,१९४ इम्प्लांट तपासले. धूम्रपान करणाऱ्यांचे ११.२८ टक्के फसले होते, न करणाऱ्यांचे ४.७६ टक्के. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला रक्त कमी मिळतं, जखम रेंगाळते आणि हाड खुंटाला नीट धरत नाही. ई-सिगारेटमध्ये राख नसते, पण निकोटिन बहुधा असतंच.

मशेरीत धूर नाही, पण निकोटिन तेच आणि तेही थेट हिरडीवर चोळलेलं. दवाखान्यातल्या फॉर्मवर मात्र प्रश्न बहुधा सिगारेटचा असतो. मावशी खरंच सांगतात, ‘मी कुठं ओढते?’

तेव्हा दात बसवायला जाताना कमरेची डबी आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.