वहिनींसाठी ठीक आहे!

विजेवर चालणारी मोटार आमच्या दारात येऊन आता तीन महिने झाले. या गाडीविषयी माझे पहिले मत असे, की ती सुरू झालेली कळतच नाही. बटण दाबावे, तर ना खोकला, ना थरथर. शेजारी बसलेला पाहुणा म्हणतो, "अहो, सुरू करा की!" आणि ती तर सुरूच असते. आमच्या बँकेतही काही मंडळी अशीच आहेत. ती कामाला लागली आहेत की नाही, कळत नाही. फरक इतकाच, की गाडी खरोखरच लागलेली असते.

दुसरे मत बॅटरीच्या टक्क्यांविषयी. शंभराचे ऐंशी झाले, की मला मिनिमम बॅलन्सची काळजी सुरू होते. रात्री गॅस बंद, दाराला कडी, गाडी चार्जिंगला, आणि मगच झोप.

पण तिसरे मत सर्वांत महत्त्वाचे. या गाडीला क्लच नाही नि गियरही नाही. त्यामुळे अठरा वर्षे डाव्या बाजूला बसून मला "ब्रेक, ब्रेक!" म्हणणारी आमची ही पंधरा दिवसांत उजवीकडे गेली आणि मी डावीकडे आलो. हे पाहून सोसायटीतले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनींसाठी ठीक आहे हो. पण पुरुषाला कशी दणदणीत गाडी पाहिजे!"

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा व्यवहार शाळेतच बंद झालेला. पण हे वाक्य मनाला लागले, म्हणून जुनी खाती उघडली. पाहतो तो काय, हे वाक्यच शंभर वर्षांहून जुने निघाले!

इसवी सन १९०० मध्ये अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. (बेरीज करून पाहिली. जुळते.) म्हणजे आपण जिला 'नवी' म्हणून पेढे वाटतो, ती आपल्या पणजोबांच्या वयाची. आणि 'दम नाही' म्हणावे, तर २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामील जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने विजेची गाडी ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेगाने पळवली. मोटारीने ताशी शंभराचा आकडा ओलांडला, तो तेव्हा प्रथम. गाडीचे नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान नसलेली'. ही गाडी आमच्या शाखेत साहेब म्हणून शोभली असती.

मग पेट्रोल जिंकले कसे? त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले, की मनगट मोडायचे. त्यातून धूर नि ठणठणाट. विजेच्या गाडीला यातले काही नव्हते, म्हणून शहरातल्या बायकांनी ती पसंत केली. कंपन्यांनीही 'स्त्रियांसाठी खास' अशा जाहिराती केल्या. झाले! बायकांना जमते ती गाडी पुरुषाने कशी चालवावी? शेवटी काही विजेच्या गाड्यांना पुढे खोटे बॉनेट बसवायची वेळ आली. आत इंजिन नाही, पण रुबाब इंजिनाचा.

गंमत पाहा. पेट्रोलवर चालणारी 'मॉडेल टी' १९०८ मध्ये काढून जग जिंकणारे हेन्री फोर्ड. त्यांच्या पत्नी क्लाराबाई मात्र 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायच्या. नवऱ्याच्या गाडीला हँडल होते ना! मॉडेल टीला विजेचा स्टार्टर मिळायला १९१९ उजाडले.

हा स्टार्टर म्हणजेच या कथेतला घरभेदी. चार्ल्स केटरिंग यांनी तो तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. हँडल गेले, आणि गेले ते विजेच्याच मोटरने. विजेची गाडी हरली, ती पेट्रोलच्या गाडीत दडून बसलेल्या तिच्याच धाकट्या बहिणीकडून! बाकीची कारणे आहेतच. १९०१ मध्ये टेक्सासमध्ये तेलाचे कारंजे उडाले, तेल स्वस्त झाले, मॉडेल टी आणखी स्वस्त झाली, आणि बॅटरी काही गावाबाहेर फार दूर नेईना. खेड्यात तर वीजच नव्हती. पण माझ्या मते खात्यात आणखी एक नोंद हवी: 'वहिनींसाठी ठीक आहे.'

अर्थात आमच्या घरी हिशेब वेगळा झाला. हिची आई कर्जतला एकटी असते. आम्ही ठाण्याला. अठरा वर्षे हिचे माहेर माझ्या सुट्टीवर अवलंबून होते. आज ऑडिट, उद्या क्लोजिंग. मार्चमध्ये तर तिने कधी विचारलेसुद्धा नाही.

यंदा ३१ मार्चला मी रात्री दहाला घरी आलो, तेव्हा ही नुकतीच कर्जतहून परतली होती. सकाळी एकटी गेली, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणले, जेवली, दोन तास गप्पा मारल्या नि आली. आईने माझ्यासाठी लाडू दिले होते. खाली जाऊन पाहिले, बॅटरीत ४१ टक्के शिल्लक होते.

त्या गृहस्थांचे म्हणणे मला शब्दशः मान्य आहे. वहिनींसाठी गाडी फारच ठीक आहे.