नाव सोनुबाई? : संकेतस्थळाच्या पत्त्यातील शब्द आणि शोधयंत्रांचा इतिहास

१/१२
भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘बीएनसीएमसी डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. त्यात ‘भिवंडी’ हा शब्दच नाही; आहेत ती केवळ इंग्रजी आद्याक्षरे. मराठी विकिपीडियावरील ‘भिवंडी’ या लेखाच्या पत्त्यात मात्र गावाचे नाव देवनागरीत, जसेच्या तसे उभे आहे. पत्त्यात असा शब्द असला म्हणजे शोधयंत्र त्या पानाला वरचे स्थान देते काय?

२/१२
भिवंडी हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे शहर. येथील एखादा कापड व्यापारी प्रथमच संकेतस्थळ उभारू लागला, की ‘भिवंडी’, ‘पॉवरलूम’, ‘ग्रे कापड’ असे सारे शब्द पत्त्यातच ओवून घ्या, असा सल्ला त्याला हमखास मिळतो. त्यासाठी पैसा खर्च होतो, जुने पत्ते मोडले जातात. हा समज निराधार नाही. पण तो एका सरून गेलेल्या काळाचा आहे.

३/१२
तो काळ १९९० पासून सुरू होतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ हे शोधसाधन घडवले. दूरदूरच्या संगणकांवर सार्वजनिक वापरासाठी ठेवलेल्या फाइलींच्या नावांची ते यादी करी आणि त्या यादीत शोध घेई. फाइलीच्या आत काय लिहिले आहे, हे आर्चीला वाचता येत नसे. त्यामुळे नावात शब्द असेल तर फाइल सापडे, नसेल तर ती असून नसल्यासारखीच. शोधाच्या त्या पहिल्या युगात नाव हेच सर्वस्व होते.

४/१२
१९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन याचा ‘वेबक्रॉलर’ आला आणि पानातील संपूर्ण मजकूर शोधता येऊ लागला. पुढच्याच वर्षी ‘अल्टाव्हिस्टा’ने ही सोय फार मोठ्या प्रमाणावर खुली केली. यंत्राला आता आतला मजकूर वाचता येऊ लागला, तेव्हा दारावरच्या पाटीचे महत्त्व पहिल्यांदा उणावले. तथापि नवी अडचण उद्भवली. मजकूर पानाचा मालकच लिहितो. मग एकच शब्द शंभरदा लिहून त्याने यंत्राला फसवले तर?

५/१२
१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ‘गूगल’ची रचना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. एखादे पान स्वतःविषयी काय म्हणते, एवढ्यावर न थांबता इतर पाने त्याच्याकडे किती दुवे देतात आणि दुवा देताना कोणते शब्द वापरतात, हेही त्यांनी मोजले. स्वतःच्या पाटीपेक्षा चार शेजाऱ्यांची साक्ष मोलाची ठरली.

६/१२
मात्र या साक्षीच्या पद्धतीतच पत्त्यातील शब्दांना मागच्या दाराने प्रवेश मिळाला. पुष्कळ लोक दुवा देताना वेगळे शब्द न लिहिता पत्ताच चिकटवीत. मग पत्त्यात ‘कापड’ असेल, तर तो शब्द आपोआप दुसऱ्याने दिलेल्या साक्षीत जमा होई. पत्त्यात शब्द घातल्याने फायदा होतो, हा अनुभव त्या काळात खोटा नव्हता.

७/१२
यातून नावांचा बाजार उभा राहिला. १९९९ मध्ये ‘बिझनेस डॉट कॉम’ हे एकच नाव ७५ लाख डॉलरना विकले गेले. लोक शोधपेटीत जे शब्द टंकतात, नेमके तेच जोडून हजारो संकेतस्थळे निघाली. त्यांपैकी अनेकांत आत वाचण्यासारखे काहीच नव्हते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीची ती महाजालावरील आवृत्तीच होती.

८/१२
२८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलचे अभियंते मॅट कट्स यांनी या प्रकाराला आवर घालणारा बदल जाहीर केला. शोधशब्दांशी तंतोतंत जुळणारे नाव असलेली, पण निकृष्ट दर्जाची संकेतस्थळे शोधनिकालांत खाली जाणार होती. अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल, असे त्यांनी सांगितले. आकडा लहान दिसतो, पण नावावर विसंबलेल्या धंद्यांना तो पुरेसा होता.

९/१२
आज गूगलची स्वतःची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते, की नावातील वा पत्त्यातील शब्दांचा केवळ तेवढ्याच बळावर क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. उरतो तो उपयोग माणसांसाठी. शोधनिकालात पत्ता दिसतो आणि वाचणाऱ्याला आत काय असेल याचा अंदाज येतो. म्हणून पत्ता सुबोध असावा, शब्दांमध्ये जोडरेघ असावी, ही शिफारस आजही कायम आहे.

१०/१२
मराठीपुढे आणखी एक पेच आहे. रोमन लिपीत ‘भिवंडी’ लिहिताना ‘व’साठी ‘डब्ल्यू’ घ्यावा की ‘व्ही’? देवनागरीत हा प्रश्न उद्भवत नाही. ‘डॉट भारत’ ही देवनागरी नावांची सोय ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. तरीही नावानंतरच्या भागातील देवनागरी शब्द यंत्र सांकेतिक रूपात पाठवते. ‘भिवंडी’ या शब्दात संगणकाच्या लेखी ६ चिन्हे. प्रत्येकाचे ३ बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरे. पत्त्याची नक्कल करून अन्यत्र चिकटवली, तर सहा चिन्हांच्या या शब्दाची ५४ अक्षरांची माळ होऊ शकते. शोधयंत्राला ती वाचता येते, माणसाला नाही.

११/१२
महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते, की चांगला पत्ता बदलत नाही. म्हणून पुढे बदलू शकेल असे काही त्यात घालू नये. महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. ज्याने जुने नाव पत्त्यात गोवले होते, त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या : जुना पत्ता तसाच ठेवणे किंवा नवा घेऊन जुन्यावरून त्याकडे कायमचा वळणमार्ग बसवणे. तो वळणमार्ग राहून गेला, तर जुन्या पत्त्यावर मिळालेले सारे दुवे, म्हणजे वर्षानुवर्षांची साक्ष, वाया जाते.

१२/१२
म्हणून भिवंडीच्या त्या व्यापाऱ्याने नवा पत्ता घेताना तो छोटा, वाचता येईल असा आणि टिकाऊ घ्यावा; पण चालू असलेला पत्ता केवळ शब्द घुसवण्यासाठी मोडू नये. महापालिकेच्या पत्त्यात गावाचे नाव नाही, तरी पानांतील मजकूर आणि इतरांनी दिलेले दुवे ते संकेतस्थळ कोणाचे हे सांगतात. कापडाच्या बाजारात गिऱ्हाईक ठाणावरचा छाप वाचते, मग कापड बोटांत धरून पाहते. आर्चीला फक्त छाप वाचता येत होता. त्यानंतरची यंत्रे हळूहळू कापड पाहायला शिकली.