एलिया येऊन गेला की अजून यायचा आहे?

खोपोलीच्या शिळफाट्यावरून (ठाण्याकडचा शिळफाटा निराळा) पेणमार्गे समुद्राच्या दिशेने गेले की अलिबागेजवळ खंडाळे हे गाव लागते. लोणावळ्याच्या खंडाळ्याशी त्याचा संबंध नाही. तेथील एका खडकावरच्या खुणा रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या आहेत, आणि संदेष्टा एलिया येथूनच स्वर्गी गेला, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. या मराठी ज्यूंच्या तोंडी तो ‘एलियाहू हनाबी’. त्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा केला जातो.

या एलियापाशीच ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या आशेच्या वाटा फुटतात.

परमेश्वराचा महान दिवस येण्यापूर्वी एलिया पाठवला जाईल, असे वचन मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अखेरीस आहे. ख्रिस्ती बायबलातील जुना करार याच पुस्तकाने संपतो. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते, आणि त्यात येशू सांगतो की तो एलिया म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. वचन आणि पूर्तता यांच्यामध्ये जणू एकाच पानाचे अंतर! (गंमत अशी की चौथ्या शुभवर्तमानात हाच प्रश्न थेट योहानाला विचारला जातो, तेव्हा तो ‘मी एलिया नव्हे’ असे उत्तर देतो. ख्रिस्ती भाष्यकार त्याचा उलगडा असा करतात की योहान एलियाच्या सामर्थ्याने आला, प्रत्यक्ष एलिया म्हणून नव्हे.)

ज्यूंच्या हिब्रू बायबलात मलाखीचे पुस्तक शेवटी येत नाही. तेथे शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो, आणि त्यातील अखेरची आज्ञा इराणचा राजा कोरेश याची आहे: निर्वासित यहुद्यांनी जेरुसलेमला परत जावे. यशया याच कोरेशाला परमेश्वराचा ‘मशीहा’, म्हणजे अभिषिक्त, म्हणतो. पुस्तकांचा क्रम बदलला की आशेचे तोंडही बदलते: एकीकडे ती येणाऱ्या व्यक्तीकडे पाहते, दुसरीकडे परतीच्या वाटेकडे.

एकोणिसाव्या शतकात या दोन वाचनांची गाठ मराठीत पडली. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांनी १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन दाखल झाले. विल्सन कॉलेजचे नाव त्यांच्यावरूनच. कोकणात शतकानुशतके तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ पाहून मिशनऱ्यांचे कुतूहल जागे झाले. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात स्त्रिया आणि सात पुरुष तेवढे वाचले आणि ग्रंथ बुडाले, ही या समाजाची परंपरागत कथा. ‘शमा’ ही प्रार्थना टिकली होती. हिब्रू वाचणारे फारसे उरले नव्हते.

विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यामागची धारणा प्रामाणिक होती आणि हेतू उघड होता. संदेष्ट्यांची वचने येशूकडेच बोट दाखवतात, म्हणून ज्यू माणसाने ती मूळ भाषेत वाचली की तो आपोआप ख्रिस्तापर्यंत पोहोचेल.

पण मूळ भाषा उलट्या दिशेलाही नेऊ शकते. यशयाच्या सातव्या अध्यायात आहाज राजाला सांगितलेल्या चिन्हातील स्त्रीसाठी ‘अल्मा’ हा शब्द आहे. हिब्रूत त्याचा अर्थ तरुण स्त्री. प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, आले आणि मत्तयाने तेच उचलले. ख्रिस्ती वाचकाला तेथे मरिया दिसते, ज्यू वाचकाला आहाजच्या काळातील एक स्त्री. हा वाद केवळ कोशातला नाही. १९५२ साली अमेरिकेत नव्या इंग्रजी बायबलाने ‘तरुण स्त्री’ असे छापले, तेव्हा एका पाद्र्याने ते पान जाळले होते.

मिशनच्या शाळांत शिकूनही ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल फारच थोडे. हिब्रू मात्र त्यांनी मनापासून घेतली. विल्सन यांच्या शाळेत शिकलेल्या जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी ज्यू प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाचा पाठ, छापला गेला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. धर्मांतरासाठी दिलेल्या साधनाने एक समाज आपल्या धर्मात अधिक पक्का झाला. यात विल्सन यांची फसगत झाली असे म्हणणे उथळ ठरेल. मूळ ग्रंथ वाचण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, या त्यांच्याच प्रोटेस्टंट तत्त्वाचा तो परिणाम होता.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली; आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. मलिद्याची प्रथा त्यांनी तेथेही चालू ठेवली. इकडे मराठी चर्चमध्ये नाताळापूर्वीच्या आगमनकाळात यशयाचीच वचने वाचली जातात.