न लिहिलेल्या ग्रंथाचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाला एक खोड असते. ग्रंथाचं नाव निघालं की तो आधी विचारणार, मूळ प्रत कुठं आहे? भाषांतर कुणी केलं, केव्हा केलं? ‘नेक्रोनॉमिकॉन’ या जादूच्या ग्रंथाबाबत या सगळ्या प्रश्नांना उत्तरं तयार आहेत. आठव्या शतकात दमास्कसमध्ये अब्दुल अलहझ्रेद नावाच्या वेड्या अरब कवीनं तो लिहिला. मूळ अरबी नाव ‘अल अझीफ’. इ. स. ९५० मध्ये ग्रीक भाषांतर, १२२८ मध्ये लॅटिन, मग पोपची बंदी. उरलेल्या प्रती ब्रिटिश म्युझियम, पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय, हार्वर्ड विद्यापीठ अशा ठिकाणी.

अडचण एवढीच, की असा ग्रंथ कधी कुणी लिहिलाच नाही.

हा सगळा इतिहास १९२७ मध्ये एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथालेखकानं स्वतःच्या सोयीसाठी लिहून ठेवला होता. आपल्याच कथांमध्ये तपशिलाची गफलत होऊ नये, एवढाच हेतू. प्रॉव्हिडन्स गावचा हा माणूस लहानपणी अरेबियन नाइट्स वाचून वेडा झाला होता. ‘अब्दुल अलहझ्रेद’ हे नाव त्या वयातलं. अरबी जाणणारा माणूस हे नाव ऐकताच हसेल, कारण त्यात ‘अल’ हा उपपद एकदा ‘अब्दुल’मध्ये येऊन गेला आहे आणि पुन्हा पुढे चिकटला आहे. ग्रंथाचं नाव मात्र प्रथम आलं ते १९२४ मध्ये ‘वियर्ड टेल्स’ मासिकात छापलेल्या ‘द हाउंड’ या कथेत.

मग लोकांना तो खरा कसा वाटला? मला यातली सर्वांत रंजक गोष्ट हीच वाटते. लव्हक्राफ्टचे लेखकमित्र, क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ, रॉबर्ट हॉवर्ड, तरुण रॉबर्ट ब्लॉक, आपापल्या कथांत असेच काल्पनिक ग्रंथ आणत. त्यानं त्यांचे उल्लेख करायचे, त्यांनी त्याचे. शिवाय पोटासाठी तो इतरांच्या कथा दुरुस्त करून, बहुतेकदा नव्यानं लिहून देई, आणि त्यांतही हा ग्रंथ हळूच पेरून ठेवी. वाचकाला दिसे ते असं, की एकमेकांशी संबंध नसलेले चार लेखक एकाच ग्रंथाचा दाखला देताहेत. आपण इतिहासवाले तरी दुसरं काय पाहतो? स्वतंत्र साधनांचा मेळ बसला की आपण मान डोलावतो. इथं चारही दाखले एकाच दौतीतून आले होते.

हेही सांगितलं पाहिजे, की लव्हक्राफ्टनं कुणाला फसवलं नाही. वाचकांची पत्रं आली की तो सरळ कळवी, हे सगळं माझ्या कल्पनेतलं आहे. १९३७ मध्ये तो गरिबीतच वारला.

एका खऱ्या विद्वानाची मात्र यात फरफट झाली. लॅटिन भाषांतर ज्याच्या नावावर घातलं तो ओलाउस वॉर्मियस म्हणजे ओले वर्म, डेन्मार्कचा वैद्य आणि पुराणवस्तूंचा संग्राहक. त्याचा काळ १५८८ ते १६५४. लव्हक्राफ्टनं त्याला चारशे वर्षं मागं ढकललं, आणि भल्या माणसाला जादूच्या ग्रंथाचा भाषांतरकार करून टाकलं.

लेखकाच्या मागं थट्टेखोर मंडळी पुढे झाली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यानं लॅटिन प्रत ३७५ डॉलरला आपल्या सूचीत लावली. १९७३ मध्ये स्प्रेग द कँपच्या प्रस्तावनेसह ‘अल अझीफ’ छापलं गेलं. लिपी बनावट, त्यातही तीच ती पानं पुन्हा पुन्हा. १९७८ मध्ये कॉलिन विल्सन आणि मंडळींनी आणखी एक आवृत्ती काढली. ती गंमत होती, असं विल्सननं पुढे स्वतःच लिहून टाकलं.

१९७७ ची न्यूयॉर्कची आवृत्ती मात्र मला थट्टा वाटत नाही. संपादकाचं नाव नुसतं ‘सायमन’. ग्रीक हस्तलिखित हाती लागल्याचा दावा. ते हस्तलिखित कुणाला पाहायला मिळालं नाही. १९८० मध्ये स्वस्त आवृत्ती निघाली आणि खूप खपली. ती घेऊन विधी करणारे लोक आहेत. नारायण धारप वाचून रात्री दिवा न मालवता झोपलेल्यांना भीतीची ही गोडी मी सांगायला नको, पण धारपांची कथा कथा म्हणूनच हाती येते. सायमननं लव्हक्राफ्टच्या कल्पनेत सुमेर-बाबिलोनचे खरे देव आणि खरे मंत्र कालवले. त्यात ‘मक्लू’ही आहे. आता मेसोपोटेमियाच्या खऱ्या धर्माबद्दल कुतूहल असलेला पोरगा आधी या पुस्तकापाशी पोचतो, आणि खरं कुठं संपलं, खोटं कुठं सुरू झालं हे त्याला कळायला मार्ग राहत नाही.

खरा ‘मक्लू’ मातीच्या नऊ पाट्यांवर अक्कडी भाषेत आहे. शब्दाचा अर्थ ‘जाळणं’. त्यात पिशाचाला बोलावणं नाही. करणी झालेल्या माणसाला सोडवण्यासाठी रात्रभर चालणारा तो विधी होता. करणी करणाऱ्याच्या बाहुल्या त्यात जाळत. विद्वानांनी त्याची भाषांतरं छापलेली आहेत. ती मिळवायला कुठलंही कुलूप उघडावं लागत नाही.