वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमधील नियमांचा क्रम

वेब ॲप्लिकेशन फायरवॉल संकेतस्थळाकडे येणारी प्रत्येक विनंती नियमसंचाशी ताडून पाहते. तेच नियम वेगळ्या क्रमाने लावल्यास निकाल बदलू शकतो. ॲमेझॉनच्या सेवेत सर्वांत लहान प्राधान्यक्रमांकाचा नियम प्रथम तपासला जातो आणि परवानगीचा वा अडवणुकीचा नियम लागू पडताच तपासणी थांबते. त्यामुळे विश्वासू आयपी पत्त्यांना सरसकट परवानगी देणारा नियम सर्वांत वर असल्यास त्या पत्त्यांवरून आलेला एसक्यूएल इंजेक्शनचा हल्लाही निर्वेध आत जातो.

मॉडसिक्युरिटी या मुक्त-स्रोत प्रणालीत तपासणीचे ५ टप्पे असून फाइलमधील क्रम त्या त्या टप्प्यापुरताच चालतो. तिच्यासोबत वापरल्या जाणाऱ्या ओवॅस्पच्या 'कोअर रूल सेट'मधील बहुतेक नियम विनंती लगेच न अडवता दोषांक वाढवतात; म्हणून त्यांचा आपसांतील क्रम गौण ठरतो. अपवादांचे तसे नाही. तिसऱ्या कठोरता पातळीवरील ९२०२७२ हा नियम आस्कीबाहेरील प्रत्येक अक्षर संशयास्पद मानतो. अर्जात देवनागरीत 'गोंदिया' लिहिले तरी ५ दोषांक चढतात आणि मूळ मर्यादाही ५ असल्याने अर्ज नाकारला जातो. विशिष्ट पानापुरता, विनंतीच्या वेळी लागू होणारा अपवाद या नियमाच्या आधी लिहावा लागतो. नंतर लिहिल्यास तो वाचला जाईपर्यंत दोषांक चढलेले असतात. नियम कायमचा वगळणारा निर्देश मात्र नियमसंचानंतर मांडायचा असतो.